घरात रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर...
(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)

आज मी बचतीचं, कर्जाच्या हप्त्यांचं काही बोलणार नाही. आज एका गोळीबद्दल बोलायचंय.

आपल्या आसपास ही गोळी घेणारं कुणी ना कुणी असतंच. कुणाच्या हृदयाची झडप बदललेली असते, कुणाच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत असतात, कुणाच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असते. घरात म्हणतात, "तिला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे." बस, एवढंच माहीत असतं. मलाही एवढंच माहीत होतं. म्हणून माझ्या हातून जे झालं ते आधी सांगते.

माझ्या धाकट्या जावेला लहानपणी घसा सुजून ताप यायचा, सांधे सुजायचे. त्या सांधेतापानं तिच्या हृदयाची झडप खराब केली. ते कळलं दुसऱ्या बाळंतपणानंतर, जिना चढताना दम लागायला लागला तेव्हा. सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं, धातूची झडप बसली. घरी पाठवताना डॉक्टरांनी सांगितलं, ही गोळी रोज, आयुष्यभर. सोबत एक कार्ड दिलं. ते कार्ड आम्ही रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलं आणि पुन्हा कुणी वाचलं नाही.

दोन वर्षांनी ज्वारीची काढणी चालू होती. संध्याकाळी ती माझ्याकडे आली. "ताई, कंबर लई धरलीय. काय गोळी हाय का?" माझ्या पर्समध्ये दाढदुखीच्या वेळी आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या होत्या. अख्खी पट्टी तिच्या हातात दिली. म्हटलं, सकाळ-संध्याकाळ घे. चार दिवस तिनं घेतल्या. पाचव्या दिवशी शौचाला डांबरासारखं काळं झालं आणि ती मोरीतच घेरी येऊन पडली. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. जठरात रक्तस्राव होत होता. दोन पिशव्या रक्त चढवावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "ही दुखण्याची गोळी कुणी दिली?" मी म्हटलं, "मी."

मैत्रिणींनो, मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेली, गटांचं काम करणारी बाई आहे. पण त्या दिवसापासून मी त्या डॉक्टरांना, औषध देणाऱ्या ताईंना, आमच्या आशाताईंना विचारत राहिले. जे समजलं ते सांगते. गोळी किती घ्यायची हे मात्र तुमचे डॉक्टरच सांगतील.

आधी ही गोळी करते काय ते बघू. नाव 'रक्त पातळ करायची गोळी' असलं तरी रक्त काही पाण्यासारखं पातळ होत नाही. दुधाला विरजण लावतो ना आपण, त्यावरून समजा. विरजण नेहमीएवढं लावलं तर रात्रीतून दही लागतं. कमी लावलं तर दुपार उजाडते. दूध तेच असतं, घट्ट व्हायला वेळ लागतो. तसंच या गोळीनं रक्त गोठायला जास्त वेळ लागतो.

आता रक्त गोठणं ही काही वाईट गोष्ट नाही. विळीवर बोट कापलं तर ते गोठतं म्हणूनच आपण वाचतो. पण शिरेच्या आत, हृदयाच्या आत ते गोठलं तर घात होतो. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर श्वास अडकतो. हृदयातली गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात. धातूची झडप शरीराला परकी वस्तू वाटते, म्हणून तिच्यावर गुठळी धरायचा धोका कायमचा असतो. म्हणून गोळीही कायमची.

म्हणजे दोन बाजूंना दोन खड्डे आहेत. गोळीचा परिणाम जास्त झाला तर रक्तस्राव, कमी झाला तर गुठळी. मधल्या बांधावरून चालायचं आहे. आमच्या घरानं हे दोन्ही खड्डे बघितले. पहिला सांगितला, आता दुसरा.

जाऊ बरी होऊन घरी आली. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून गोळी पुन्हा सुरू झाली होती. महिनाभरानं मी आठ दिवस प्रशिक्षणाला गेले. इकडे दिरानं मोबाईलवर काहीतरी बघितलं. म्हणाला, "हे तर उंदीर मारायचं औषध आहे!" सासूबाई आधीच घाबरलेल्या. त्या म्हणाल्या, "त्या गोळीनंच सारं झालं. बास आता." गोळी बंद. आठव्या दिवशी भाकरी थापता थापता जावेचा उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. पाऊण तासानं हात परत आला. पण डॉक्टर म्हणाले, ही सूचना होती. पुढची गुठळी मोठी असती तर हात परत आला नसता. रक्त तपासलं तेव्हा तिचा आकडा होता १.१. असायला हवा होता २.५ ते ३.५ च्या मध्ये.

दिरानं वाचलं ते खोटं नव्हतं, अर्धवट होतं. पूर्ण गोष्ट अशी. १९२०च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात जनावरं रक्त वाहून मरायला लागली. शिंग कापलं, खच्ची केलं की रक्त थांबायचंच नाही. कारण निघालं चाऱ्यात. आपल्या लसूणघासाच्या कुळातला एक चारा तिथं वाळवून ठेवत. तो ओला होऊन त्याला बुरशी लागली की त्यात एक पदार्थ तयार व्हायचा. १९३३ साली विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्तानं भरलेलं भांडं घेऊन थेट विद्यापीठात गेला. तिथल्या कार्ल लिंक या शास्त्रज्ञाच्या मंडळींनी काही वर्षं खपून तो पदार्थ शोधला. त्यावरूनच पुढे वॉरफरिन तयार झालं. १९४८ मध्ये ते उंदरांचं औषध म्हणून विकायला आलं, आणि १९५४ पासून माणसांसाठी वापरात आलं. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही ते दिलं होतं. फरक मापाचा आहे. मीठ चिमूटभर पडलं तर भाजीला चव, मूठभर पडलं तर ताट बाजूला. या गोळीत सगळं मापावर आहे, आणि ते माप तपासून ठरतं.

त्या तपासणीचं नाव पीटी-आयएनआर. लॅबवाला कागद देतो त्यावर आयएनआरसमोर एक आकडा असतो. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा साधारण १. गोळी घेणाऱ्या बऱ्याच जणांचा तो २ ते ३ मध्ये ठेवतात. काही धातूच्या झडपांना थोडा वर, २.५ ते ३.५. तुमचा किती हवा हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. आकडा खाली गेला तर गुठळीचा धोका, फार वर गेला तर रक्तस्रावाचा. सुरुवातीला ही तपासणी काही दिवसांच्या अंतरानं करतात, नंतर आकडा स्थिर झाला की साधारण महिन्यानं. 'बरं वाटतंय' म्हणून तपासणी टाळू नका. आकडा बिघडला तरी अंगाला काही कळत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

ही तपासणी लागणाऱ्या दोन गोळ्या आपल्याकडे चालतात, वॉरफरिन आणि ॲसेनोकुमॅरॉल. पट्टीवर कंपनीचं नाव मोठं आणि औषधाचं नाव बारीक असतं, ते बारीक अक्षर वाचा. आणि मिलिग्रॅमचा आकडा प्रत्येक वेळी बघा. एकाच नावाची गोळी १, २, ३ मिलिग्रॅममध्ये येते. मेडिकलवाल्यानं घाईत २ च्या जागी ४ ची पट्टी दिली तर डोस दुप्पट होतो.

आता रोजचे नियम. गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्यायची. आपण दुधाचा हिशोब कॅलेंडरवर लिहितो, तशी गोळी घेतली की त्या तारखेवर फुली मारायची. काहींना एक दिवस अख्खी, एक दिवस अर्धी अशी सांगितलेली असते, त्यांनी तर कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवावं. एखाद्या दिवशी विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर त्या दिवसाचीच घ्या. कालची भरून काढायला दोन घेऊ नका. विसरलेली तारीख मात्र लिहा आणि डॉक्टरांना सांगा.

दुसरं, खाणं. आपलं यकृत रक्त गोठवणारे घटक तयार करतं आणि त्यासाठी त्याला व्हिटॅमिन के लागतं. ते जास्त करून हिरव्या पालेभाज्यांत असतं. ही गोळी नेमकं त्याच व्हिटॅमिनचं काम अडवते. त्यामुळे कुणीतरी सांगतं, पालेभाजी बंद करा. तसं करू नका, अंगात रक्त कमी असलेल्या बायकांनी तर नाहीच. रोज जेवढी खाता तेवढी खात राहा. गडबड होते ती एकदम बदलानं. थंडीत आपल्याकडे मेथी, पालक, चाकवत, हरभऱ्याची भाजी, दोन्ही वेळेला पानात हिरवं. तेव्हा आकडा खाली येऊ शकतो. उन्हाळ्यात पिठलं-भाकरी आणि डाळीवर दिवस काढले की तोच आकडा वर जातो. नवरात्रात नऊ दिवस नीट न जेवता काढले तरी वर जातो. म्हणून मोसम बदलला, उपवास लांबला, जुलाब-उलट्या झाल्या, चार दिवस तापानं अन्न गेलं नाही, की तपासणी लवकर करून घ्या. वारीला, माहेरी, ऊसतोडीला जाताना परत येईपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या बरोबर हव्यात.

तिसरं, दुसरी औषधं. माझी चूक इथंच झाली. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या दुखण्याच्या औषधांनी जठराला इजा होते आणि रक्त गोठायला आणखी अडथळा येतो. डॉक्टरांनी ॲस्पिरिन मुद्दाम दिली असेल तर ती गोष्ट वेगळी. दुखलं-खुपलं तर बहुतेकांना पॅरासिटामॉल सांगतात, पण तीही भरपूर, बरेच दिवस घेतली तर आकडा वाढतो, म्हणून विचारूनच. जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल सर्रास देतात, त्यानं आकडा बराच वर जातो. अंगावरून पांढरं जातं म्हणून फ्लुकोनॅझोल दिली जाते, त्यानंही जातो. टीबीच्या उपचारातली रिफाम्पिसिन आणि फिटच्या काही गोळ्या उलट आकडा खाली ओढतात. याचा अर्थ ही औषधं घ्यायचीच नाहीत असा नाही. टीबीची गोळी तर घ्यायलाच हवी. पण दोन्हीकडच्या डॉक्टरांना माहीत हवं, आणि नवं औषध सुरू झालं किंवा थांबलं की आठवड्याच्या आत तपासणी हवी. काढे, झाडपाल्याचं औषध, पुड्या यांचंही तेच. फोडणीतला लसूण आणि भाजीतली हळद खुशाल खा. दारू मात्र नको, ही घरातल्या पुरुषांसाठी सूचना.

आणि सुई. ताप आला की आपल्याला सुई टोचल्याशिवाय बरं वाटत नाही. या गोळीवर असलेल्या माणसाच्या स्नायूत सुई दिली तर आत रक्त साकळून मोठी गाठ होऊ शकते. सुई काढण्याआधीच सांगा, "मला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे." दात काढायचा असेल, कुठलंही छोटं-मोठं ऑपरेशन असेल तरी आधी सांगा. गोळी थांबवायची का, किती दिवस, हे ते डॉक्टर आणि तुमचे हृदयाचे डॉक्टर ठरवतील. आपण होऊन थांबवायची नाही.

आता खास आपल्या बायकांचं. या गोळीवर पाळी जास्त जाऊ शकते. जावेला तीन-तीन पॅड एकावर एक लावावी लागायची आणि ती कुणाला बोलली नाही. पाळी जास्त जाते म्हणून गोळी बंद करू नका, तशीच सोसूही नका. त्यावर उपाय आहेत. पाळणा लांबवायची किंवा पाळी पुढं ढकलायची गोळी स्वतःहून घेऊ नका, कारण त्यातल्या काही गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो.

दिवस राहण्याचं तर फारच महत्त्वाचं. वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमॅरॉल घेताना दिवस राहिले तर गर्भाला अपाय होऊ शकतो. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात हा धोका विशेष असतो, म्हणजे कित्येकींना दिवस राहिलेत हे नुकतंच कळत असतं तेव्हा. पण घाबरून गोळी सोडली तर आईच्या जिवाला धोका. म्हणून मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला. पाळी चुकली तर वाट बघू नका, त्याच आठवड्यात जा. त्या काळासाठी हेपरिनची इंजेक्शनं असतात, ती पोटाच्या त्वचेखाली देतात, आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच करायचं असतं. नव्या सुनेला हे सांगायला लाजू नका.

ज्यांना ही गोळी चालू नाही त्यांच्यासाठीही एक सांगते. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे पायात गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो. आपण बाळंतिणीला सव्वा महिना बाजेवरून उठू देत नाही. शेक द्या, डिंकाचे लाडू द्या, पण डॉक्टर हो म्हणाले की तिला घरात फिरू द्या, पाणी भरपूर प्यायला द्या. एकच पाय सुजला, पोटरी दुखून गरम लागली तर 'अवघडला असेल' म्हणून तेल चोळत बसू नका, दाखवा.

काही जणांना नव्या गोळ्या देतात. रिव्हरॉक्झाबॅन, ॲपिक्झाबॅन, डॅबिगॅट्रॅन अशी त्यांची नावं. त्यांना आयएनआरची तपासणी लागत नाही आणि पालेभाजीचाही प्रश्न नसतो. मग सगळ्यांना त्याच का देत नाहीत? कारण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. सांधेतापानं झडप अरुंद झाली आणि ठोके अनियमित झाले, तर तिथंही जुनीच गोळी चांगली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सांधेतापानं हृदय बिघडलेले साडेचार हजारांच्या आसपास रुग्ण होते, त्यात भारतातलेही होते. नव्या गोळीपेक्षा जुन्या गोळीवरचे रुग्ण जास्त जगले. म्हणून शेजारणीची गोळी बघून आपली बदलू नका. आणि नव्या गोळ्यांचा परिणाम दिवसभरात उतरतो, म्हणून त्या चुकवून तर मुळीच चालत नाही. अधूनमधून मूत्रपिंडाची तपासणी त्यांनाही लागते. दुखण्याच्या गोळीचा धोका दोन्हींना सारखाच.

आता ही लक्षणं लक्षात ठेवा. शौचाला काळं डांबरासारखं किंवा लाल होणं, लघवी लाल होणं, उलटीत रक्त, मार न लागता अंगावर मोठे काळेनिळे डाग, हिरड्यांतून सारखं रक्त, कधी नव्हती अशी जोराची डोकेदुखी. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय. डोक्यावर पडलात तर जखम दिसो न दिसो, ताबडतोब जायचं. बोट कापलं तर स्वच्छ फडक्यानं दहा मिनिटं घट्ट दाबून धरा. नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकू नका, पुढे वाकून बसा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा. तरी थांबलं नाही तर निघा.

ही झाली रक्तस्रावाची लक्षणं. गुठळीची अशी. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं, एकदम दम लागणं, छातीत दुखणं. धातूच्या झडपेचा टिकटिक आवाज शांत खोलीत ऐकू येतो. तो एकदम दबला किंवा बंद झाला तर तेही गुठळीचं लक्षण असू शकतं. अशा वेळी १०८ ला फोन करा. आणि पाऊण तासानं सगळं ठीक झालं तरी जा. आमची जाऊ तशी गेली म्हणून आज आहे.

आमच्या गटानं यातून काय केलं ते सांगून थांबते. गटाच्या पासबुकासारखी एक वही केली. तारीख, आकडा, गोळी किती, पुढची तपासणी कधी, असे चार रकाने. आमच्या तीन गटांत मिळून अशा पाच जणी निघाल्या. मासिक बैठकीत हप्त्याबरोबर ही वहीही उघडतो. तपासणीला तालुक्याला जायचं भाडं आणि लॅबचे पैसे कमी पडले तर गटाच्या अंतर्गत कर्जातून त्याच बैठकीत देतो. पाचही जणींच्या बटव्यात एक चिठ्ठी असते. तिच्यावर लिहिलंय : मला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, गोळीचं नाव हे, आकडा इतका हवा. रस्त्यात घेरी येऊन पडली तर तिच्या वतीनं ती चिठ्ठी बोलेल.

सासूबाई आता रोज रात्री जेवणं झाली की विचारतात, "घेतलीस का गं?" आणि कॅलेंडरवर फुली त्याच मारतात. त्यांना वाचता येत नाही, पण फुली नसली की कळतं.

आज रात्री एवढंच करा. घरात, भावकीत, शेजारी कुणाला अशी गोळी आहे का ते विचारा. पट्टीवरचं नाव वाचा. शेवटची तपासणी कधी झाली, आकडा किती आला, ते विचारा. आठवत नाही म्हणाली, तर उद्या तिच्याबरोबर तालुक्याला जा. आणि कुणी कंबर दुखते म्हणून तुमच्याकडे गोळी मागितली, तर देण्याआधी एक प्रश्न विचारा, "बाई, तुला दुसरी कुठली गोळी चालू आहे?" मी तो त्या संध्याकाळी विचारला नव्हता.